माझ्या रक्तातलं शिसं

त्या सकाळी नुसती भुरभुर चालू होती. धड पाऊस नाही, धड उघडीप नाही. नमुने घेणाऱ्या खिडकीवरची मुलगी तापाने घरी झोपली होती, म्हणून तिच्या जागी मी बसले होते. एरवी मी आतल्या खोलीत असते. यंत्रातून आकडे येतात, ते मी वाचते, खाली दोन ओळींत त्यांचा अर्थ लिहिते आणि सही करते. माणसं मला दिसत नाहीत, त्यांचं रक्त दिसतं. त्या दिवशी मात्र देवाच्या मनात काही वेगळं असावं.

एक माणूस समोर येऊन उभा राहिला. छत्री नव्हती. केसांतून पाणी निथळत होतं. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि पाखराचं पिल्लू ठेवावं तसं माझ्यासमोर ठेवलं. रुमालाची गाठ सोडली... आत निळ्या काचेची इवलीशी बरणी. त्या मळकट उजेडात तेवढी एकच वस्तू जिवंत वाटत होती.

"किती सुंदर आहे," मी बोलून गेले. बरणी उचलली, दिव्याकडे धरली. "काय आहे यात?"

तो कानांपर्यंत लाल झाला.

"ते... तुमच्याकडूनच सांगितलं होतं आणायला. सकाळचं. पोटाच्या तपासणीसाठी."

मी बरणी खाली ठेवली. मागून ताई खोकल्या. ताई आमच्या लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या, आणि हसू आवरायचं असलं की त्या खोकतात.

"डबी आम्ही देतो," मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाले. "प्लास्टिकची असते."

"माहीत नव्हतं. घरात हीच होती. मीच केलेली आहे, काचकाम करतो मी."

"अॅसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत?"

"रोज. आज सकाळीही घेतली."

"मग बरणी सोन्याची असती तरी उपयोग नव्हता. त्या गोळ्यांनी पोटातला जंतू दबून बसतो. मरत नाही, नुसता दिसेनासा होतो. मग आम्ही 'जंतू नाही' असं लिहितो आणि ते खोटं ठरतं. गोळ्या बंद करा आणि दोन आठवड्यांनी या."

"तोवर दुखलं तर?"

"दुखेल."

तो जरासा हसला. "तुम्ही असाल का तेव्हा, खिडकीवर?"

"मी इथे नसते. आत असते."

"मग आत येईन," तो म्हणाला, आणि बरणी पुन्हा रुमालात गुंडाळून पावसात निघून गेला. ताईंना खोकल्याची मोठी उबळ आली.

तो खरंच आत आला. हातात जुन्या तपासण्यांची चळत. दुसऱ्या कुठल्याशा दवाखान्यात त्याच्या रक्तात पोटातल्या जंतूच्या खुणा सापडल्या होत्या. औषधांचा कोर्स झाला, पुन्हा रक्त तपासलं, पुन्हा खुणा. पुन्हा कोर्स. पोट दुखायचं थांबलं नव्हतं, आणि तो निम्मा झाला होता.

"रक्तात त्या खुणा जंतू गेल्यावरही राहतात," मी सांगितलं. "रक्ताला जुनं पटकन विसरता येत नाही. आज पोटात काय आहे ते श्वास सांगेल. हे औषध प्या, थोडा वेळ बसा, मग या पिशवीत फुंका."

श्वासाची तपासणी करणं ताईंचं काम. त्या दिवशी ते मी मागून घेतलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

"किती जोरात फुंकू?"

"जोर नको. सावकाश. शेवटचा श्वास पिशवीत आला पाहिजे."

"शेवटचा?" त्याने भुवया उंचावल्या.

"श्वासाचा शेवटचा भाग. जीव घ्यायचा असता तर एवढी मोठी पिशवी लागली नसती."

मधल्या वेळात तो बोलत राहिला. नदीपलीकडच्या प्रार्थनागृहाची मोठी गोल खिडकी त्याच्या वडिलांनी करायला घेतली होती. रंगीत काचांचे तुकडे, मधून शिशाच्या पट्ट्या. वडील गेले, खिडकी अर्धी राहिली. आता फक्त वरचं आकाश जोडायचं बाकी होतं.

"देवाला उजेडाची गरज नसते," तो म्हणाला, "पण माणूस आत येऊन बसला की त्याला मान वर करावीशी वाटली पाहिजे. आमचं काम तेवढंच."

मी ऐकत होते... आणि बघत होते.

"डॉक्टर, तुम्ही मघापासून माझ्या ओठांकडे बघताय."

"ओठांकडे नाही. हिरड्यांकडे."

"अरेरे," तो म्हणाला. "मी उगीच खूश झालो होतो."

"तोंड उघडा जरा."

दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठाने, पेन्सिलीने ओढावी तशी निळसर करडी रेघ. पुस्तकात पाहिली होती. जिवंत माणसाच्या हसण्यात पहिल्यांदाच पाहत होते.

"काचेचे सांधे कशाने जोडता?"

"डाख लावून. शिसं आणि कथील वितळवून."

श्वासात जंतू सापडला नाही. तो केव्हाच मेला होता. दुसऱ्या वेळची सगळी औषधं फुकट गेली होती. मी त्याची बाही वर करायला लावली.

"बोटातून घ्या ना, थेंबभर," तो सुईकडे बघत म्हणाला. एवढा थोराड माणूस, आणि सुईला घाबरत होता.

"तुमच्या बोटांवरच शिसं असेल. रक्ताऐवजी तेच मोजलं जाईल. दंडातून घेऊ. तिकडे भिंतीकडे बघा."

"भिंतीकडे कशाला? समोर बरंच काही आहे की बघण्यासारखं," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मगच सुई टोचली.

आकडा वाईट आला. मी एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि अर्थ लिहायच्या जागी पेन टेकवून बसून राहिले. पोटातल्या कळा जंतूच्या नव्हत्या, शिशाच्या होत्या.

"काम बंद करावं लागेल," मी त्याला सांगितलं.

"करीन. आकाश जोडून झालं की."

"आधी."

"डॉक्टर, ती खिडकी अर्धी ठेवून मी कुठल्या तोंडाने वर बघू?"

शेवटी तह झाला. तोंडाला मुखपट्टी, हातात मोजे, फरशी ओल्या फडक्याने पुसायची, कामाचे कपडे राहायच्या खोलीत न्यायचे नाहीत, कारखान्यात खाणं-पिणं बंद. आणि दर महिन्याला रक्त.

"हे सगळं मी करतो की नाही ते बघायला कोण येणार?"

"मी येईन," मी म्हणाले. म्हणून झाल्यावर मला कळलं मी काय म्हणाले ते.

सुट्टीच्या दिवशी मी जाऊ लागले. नदीकाठची अरुंद गल्ली, धुक्यात बुडालेली. खाली कारखाना, वर त्याची राहायची खोली. खालच्या लांब टेबलावर ती खिडकी आडवी पसरलेली असायची, पाणी वाहून गेलेल्या तळ्यासारखी. तो मुखपट्टीआडून काहीतरी गुणगुणत डाख लावायचा आणि मी जिन्याच्या पायरीवर बसून बघायची. खाली मी कशाला हात लावत नसे. काम संपलं की तो कोपरापर्यंत हात धुवायचा, कपडे बदलायचा, आणि मग आम्ही वर जाऊन चहा प्यायचो. बिनदुधाचा, लिंबू पिळलेला.

त्याची किटली गळकी होती. पहिल्या दिवशी माझ्या मांडीवर चहा सांडला. पुढच्या वेळी गेले तर तोटीच्या बुडाशी एक चंदेरी, नीटस सांधा चमकत होता.

"तुमच्यासाठी जोडली," तो म्हणाला. "नाहीतर माझं एकट्याचं भागत होतं."

मला आजवर कुणी फुलं दिली नव्हती, आणि आता ती नको होती. तो चंदेरी सांधा बघून जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही. लिंबाचा आंबटपणा जिभेवर ठेवून मी त्याच्या खांद्याला डोकं टेकलं. तो हललाच नाही. बराच वेळ, कपातला चहा गार होईपर्यंत... हलला नाही.

पण त्याचा आकडा उतरेना. पहिल्या महिन्यात जरा खाली आला, मग तिथेच अडून बसला.

"मोजे घालत नसाल तुम्ही."

"घालतो."

"खोटं बोलू नका."

"देवाशप्पथ घालतो. फरशी पुसतो, तोंड बांधतो, तुम्ही सांगाल ते सगळं करतो. आणखी काय करू, श्वास घेणं सोडू?"

आम्ही पहिल्यांदा भांडलो. जाताना त्याने माझा कप उचलला तो डाव्या हाताने. उजवा त्याने पाठीमागे धरला होता. का ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं वाटत वाटत जिना उतरले.

त्याच सुमाराला आमचं यंत्र बिघडलं. म्हणजे, मला तसं वाटलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. शिसं मोजायला बसण्याआधी यंत्राची परीक्षा घ्यायची. त्यासाठी दोन नमुने लावतो. एक विकत आणलेला, त्यात शिसं किती ते बाटलीवर छापलेलं असतं. दुसरं आमच्यापैकीच कुणाचंतरी ताजं रक्त, ज्यात शिसं जवळजवळ नसतंच. हे दुसरं रक्त वर्षानुवर्षं माझं असे. बाटलीतला नमुना बरोबर येत होता. माझं रक्त मात्र, जे तळाशी असायचं, ते हळूहळू वर सरकत होतं.

शिशाची तपासणी करणारा माणूस आधी धुळीवर संशय घेतो. मी नळ्या बदलल्या, बुचं बदलली, भांडी पुन्हा पुन्हा आम्लात धुतली. रिकाम्या नळीत नुसतं पाणी घालून मोजलं, ते स्वच्छ आलं. यंत्राच्या कंपनीचा माणूस बोलावला. तो म्हणाला, मॅडम, यंत्र ठणठणीत आहे. मी त्याच्यावर जवळजवळ ओरडलेच.

तो गेल्यावर ताई माझ्यासमोर येऊन बसल्या आणि बाही वर केली.

"माझं घ्या."

"तुमची शीर सापडत नाही, ताई."

"शोधली की सापडते."

शोधली. सापडली. ताईंचं रक्त यंत्रात लावलं. आकडा तळाशी, जिथे असायला हवा तिथेच. लगेच माझं लावलं. तो वर.

आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. यंत्राचा पंखा तेवढा घुमत होता.

"बाई गं," ताई हळूच म्हणाल्या, "हे काही यंत्राचं दुखणं नव्हे. सुट्टीच्या दिवशी जाता तिथे खाता-पिता काय?"

"कुठे जाते मी?"

"मी काय आंधळी आहे? त्या काचवाल्याचं रक्त आलं की नळी दोन्ही हातांत धरून नेता. बाकीच्यांच्या नळ्या तुम्ही एका हाताने नेता."

मी मान खाली घातली. "फक्त चहा पिते, ताई. वर, त्याच्या खोलीत. कारखान्यात पाणीसुद्धा नाही. फक्त लिंबाचा च..."

शब्द तिथेच राहिला. लिंबू. आंबट, कढत पाणी, आणि तोटीच्या बुडाशी चमकणारा डाख. आम्ल शिसं सोडवून घेतं, हे मी शिकाऊ मुलांना दरवर्षी शिकवते. त्याचा आकडा का उतरत नव्हता, माझा का चढत होता... दोन रक्तं एकाच किटलीतून पीत होती.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन काळोख होईपर्यंत खिडकीशी बसले. त्याला सांगितलं तर तो मला पुन्हा दारात उभी करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माझ्यासाठी जोडलेल्या किटलीनेच मला विष पाजलं, हे त्याला सोसणार नव्हतं. न सांगताही भागलं असतं. हातातून किटली निसटली, चेपली, नवी घेऊ या का... एवढं म्हटलं की झालं. दोघांचे आकडे उतरले असते. सुट्टीचे दिवस राहिले असते, ती पायरी राहिली असती, तो खांदा राहिला असता. देवासमोर हात जोडले, तर मागायला काही सुचेना. खरं सांगायचं बळ दे म्हणावं की खोटं खपू दे म्हणावं.

पण त्याच्या फळीवर आणखी भांडी होती. त्यांतलं कुठलं तो उद्या जोडायला घेईल, कुणास ठाऊक.

मी गेले आणि सांगितलं. आधी माझा आकडा, मग त्याचा, मग किटली.

तो उठला, फळीवरून एकेक भांडं काढून जमिनीवर मांडू लागला. पातेलं. झारी. मोठा पेला. प्रत्येकाच्या बुडाशी, कडेला, तोच चंदेरी सांधा. पण हे जुने होते, वापरून काळवंडलेले.

"बाबांचं काम," तो म्हणाला. "घरातलं काही टाकू द्यायचे नाहीत. आईचा संसार यातच झाला." त्याने पातेल्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. "माझ्या आधी दोन मुलं झाली तिला. राहिली नाहीत. माझ्यानंतर झालंच नाही. ती जन्मभर स्वतःला दोष देत गेली. हे... यामुळे होतं?"

मी त्याच्यासमोर खाली बसले. "होऊ शकतं. तेव्हा तिचं रक्त कुणी मोजलं नाही. यामुळेच झालं असं आज कुणीही सांगू शकणार नाही."

"तुम्ही रिपोर्ट वाचताय."

"मला दुसरं काही येत नाही."

बाहेर धुक्यात कुणाच्यातरी पावलांचा आवाज आला आणि विरून गेला. त्याने माझा कप उचलला, मोरीत रिकामा केला.

"आता येऊ नका इथे."

"किटली टाका," मी म्हणाले. "मला कशाला टाकता?"

त्याने उजवा हात माझ्यासमोर धरला, तळवा खाली करून. मनगट उचलायचा प्रयत्न केला. उचललं नाही. पंजा ओल्या फडक्यासारखा लोंबत राहिला.

"आकाश आता माझ्याने जोडून होणार नाही," तो म्हणाला. "हे मला कधीचं कळलंय. तरी रोज खाली जातो. इथे राहिलो तर जातच राहीन. आणि तुम्ही त्या पायरीवर येऊन बसत राहाल... माझ्या आईसारख्या, याच शिशात."

खिडकीचे तुकडे पेटीत भरून त्याने दुसऱ्या कारागिराकडे पाठवले. घर आवरायला घेतलं. दूरच्या गावी त्याची मावशी होती, तिथल्या इस्पितळात औषध सुरू होणार होतं. हे सगळं मला ताईंकडून कळलं. ताईंना कसं कळलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

थंडी ओसरत आली तेव्हा तो एकदा लॅबमध्ये आला. तिकडच्या डॉक्टरांना निघण्याआधीचा आकडा हवा होता. मी त्याला आत बसवलं. तो आणखी वाळला होता, पण चेहऱ्यावर झोप झाल्याची खूण होती. सुई टोचताना तो भिंतीकडे बघत होता.

"तुमचं कसं आहे आता?" त्याने भिंतीलाच विचारलं.

"उतरलं. यंत्राच्या परीक्षेला आता पुन्हा माझंच रक्त लावतो."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला, जणू खांद्यावरून कुणी ओझं उतरवलं. "म्हणजे माझं काही राहिलं नाही तुमच्यात."

तिथेच थांबता आलं असतं. त्याला सुखाने जाऊ देता आलं असतं. पण अर्धा अर्थ सांगून मी कधी सही केलेली नाही.

"रक्तातून उतरलं," मी म्हणाले. "सगळं बाहेर जात नाही. थोडं हाडांत जाऊन बसतं. रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाही. वर्षानुवर्षं तिथेच राहतं."

त्याचा चेहरा विझला. "मला माफ..."

"माफी नको आहे मला. अर्थ सांगतेय."

मी सुई काढली, कापूस दाबला. त्याने दुसऱ्या हाताने तो धरायला हवा होता, पण तो माझ्याच बोटांवर हात ठेवून बसला.

"माझ्याही हाडांत असेल?"

"तुझ्या तर कितीतरी जास्त."

तो माझ्याकडे वळला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

"आत्ता काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते."

आम्ही तसेच बसून राहिलो. रक्त केव्हाच थांबलं होतं, कापूस काढायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. शेवटी त्यानेच हात सोडवून घेतला, बाही खाली केली. उजव्या हाताने बटण लागेना. मी लावलं.

"आकडा खाली आला की लिहीन," तो म्हणाला. "नाही आला तर..."

"तरी लिही."

त्याने मान हलवली. दारापर्यंत गेला आणि थांबला. पाठमोराच, चौकटीला धरून.

"ते हाडांतलं... दुखतं का गं?"

"नाही," मी म्हणाले. "असतं फक्त."

तो निघून गेला. मी त्याची नळी दोन्ही हातांत धरून आत नेली.